माशाला लिंबू आणि अकरावीची केमिस्ट्री

प्रश्न : ताई, मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. क्लासमध्ये फंक्शनल ग्रुपचा तक्ता दिलाय, रोज पाठ करते नि रोज विसरते. मी कॉमर्सवाला, मला त्या ओएच-सीएचओमधलं ओ की ठो कळत नाही. हे नेमकं असतं काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, तो तक्ता दोन दिवस मिटून ठेवायला सांगा तिला. चिपळूणला राहता म्हणजे घरात बांगडा येतच असणार, तिथूनच सुरू करू.

ऑरगॅनिकमधला रेणू म्हणजे मुळात कार्बन-हायड्रोजनचा सांगाडा, आणि नुसता सांगाडा तसा आळशीच, पेटवला तर जळेल, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला ऑक्सिजन नाहीतर नायट्रोजन चिकटला की मग वास कसला, उकळणार कधी, कुणाशी जमणार हे बरंचसं तो चिकटलेला तुकडाच ठरवतो. तोच फंक्शनल ग्रुप, मराठी पुस्तकात क्रियात्मक गट. (डबल बाँडही यातच धरतात, पण ते नंतर.)

आता बांगडा. समुद्राचा मासा शिळा व्हायला लागला की बॅक्टेरिया त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात, तोच तो हिमूस वास, आणि त्यात असतो नायट्रोजनवाला अमाइन ग्रुप. आपण वरून लिंबू पिळतो. लिंबातल्या सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये सीओओएच, म्हणजे अ‍ॅसिडवाला ग्रुप असतो, तो आपला हायड्रोजन आयन अमाइनला देऊन टाकतो, अमाइनचा क्षार होतो आणि क्षार काही हवेत उडत नाही, मग नाकापर्यंत येणार कुठून! आजीला अमाइन माहीत नव्हतं पण रिअ‍ॅक्शन बरोबर करायची.

दुसरं एक उदाहरण मला फार आवडतं. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, एवढंच सामान घ्या. ऑक्सिजन कडेला हायड्रोजनसोबत बसला की ओएच ग्रुप, म्हणजे इथेनॉल, सॅनिटायझरमधलं, ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. तोच ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधोमध बसला की डायमिथाइल ईथर, ते उणे २४ लाच उकळतं, म्हणजे आपल्याकडे गॅसच. सामान तेच, फक्त बसायची जागा बदलली! ओएचवाले रेणू एकमेकांना हायड्रोजन बाँडने, म्हणजे एकाच्या हायड्रोजनची दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे जी ओढ असते तिने, धरून ठेवतात, ईथरवाल्यांना आपसात ते जमत नाही.

खवट लोण्याच्या वासामागे ब्युटिरिक अ‍ॅसिड असतं, तेही सीओओएचवालंच. त्याची इथेनॉलशी रिअ‍ॅक्शन केली की एस्टर होतो, म्हणजे अ‍ॅसिड आणि अल्कोहोल जोडून झालेला पदार्थ, आणि वास चक्क अननसाचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं.

घरात नेलपॉलिश रिमूव्हर असेल तर तिला मागचं लेबल वाचायला लावा, अ‍ॅसिटोन लिहिलं असेल तर कीटोन (दोन कार्बनच्या मधल्या कार्बनला डबल बाँडने ऑक्सिजन जोडलेला ग्रुप), इथाइल अ‍ॅसिटेट असेल तर एस्टर. मग काढू दे तो तक्ता बाहेर.