ठाणे स्टेशनबाहेर मिळणारी विलायती चिंच खरंच विलायतेतून आली का?

नाही हो, तिथल्या थंडीत हे झाड तगणारच नाही. आपल्याकडे 'विलायती' म्हणजे नुसतं परदेशी. मूळ झाड मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं. स्पॅनिश जहाजांतून ते फिलिपिन्सला पोचलं, म्हणून इंग्रजीत त्याला 'मनिलाची चिंच' म्हणतात. तिथून पुढे भारतात. काटेरी असल्याने कुंपणाला लावलं गेलं आणि मग पाखरांनी काम हाती घेतलं: जिलबीसारख्या वळलेल्या शेंगेतला पांढरा-गुलाबी गर खायचा, काळ्या बिया भलतीकडेच टाकायच्या. चिंचेशी नातं एवढंच की दोन्ही शेंगवर्गातली. आणि आपली नेहमीची आंबट चिंच तरी इथली कुठे, तीही आफ्रिकेची! उन्हाळ्यात टोपलीवाल्या मावशींकडून घेताना गुलाबी झालेल्या शेंगा निवडा, हिरव्या तुरट लागतात.