एकाच लॉटच्या शेंगदाण्याचे अफ्लाटॉक्सिनचे दोन रिपोर्ट इतके वेगळे कसे? खोटं कोण बोलतंय?

तुम्ही लिहिलंय की 20 टनांच्या लॉटमधून थोडे थोडे दाणे काढून दोन लॅबना पाठवले. एकीने 3 पीपीबी (म्हणजे किलोमागे 3 मायक्रोग्रॅम) सांगितलं, दुसरीने 19. प्रमाण पद्धत असूनही असं का, हा प्रश्न.

माझी नोकरीतली बरीच वर्षं असल्याच लॅबमध्ये गेली. माझ्या मते खोटं बहुधा कोणीच बोलत नाहीये. तुम्ही त्यांना दोन वेगळे माल दिलेत, इतकंच.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले आणि माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत लागला, तेव्हा ते सापडलं. अतिनील दिव्याखाली या विषाचे काही ठिपके निळे (ब्लू) चमकत, काही हिरवे (ग्रीन), म्हणून बी आणि जी अशी नावं पडली. पण ही बुरशी लॉटभर सारखी पसरत नाही. हजारो दाणे स्वच्छ, आणि मध्येच एखादा विषाने गच्च. एकेका दाण्यात दहा लाख पीपीबीपर्यंत विष सापडल्याची नोंद आहे. हिशोब करा: असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा, त्यात 500 मायक्रोग्रॅम विष. तो 20 किलो स्वच्छ दाण्यांत पडला तरी सगळा नमुना 25 पीपीबीवर जातो. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याची मर्यादा 15 आहे. किलोभराच्या पिशवीत तो दाणा आला तर 500, नाही आला तर शून्य. तुमची पिशवी किती किलोची होती?

म्हणून शेंगदाणा तपासण्याची पद्धत बांधताना पहिली झटापट मशीनशी नसते, पोत्यांशी असते. अमेरिकेत थॉमस व्हिटेकर यांनी कित्येक वर्षं याच गणितावर काम केलं, आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आकड्यातल्या चुकीचा मोठा वाटा नमुना काढण्यातच असतो. आज मोठ्या लॉटला शंभर ठिकाणांहून दाणे घेऊन 20 किलोंचा एकत्र नमुना करायचा, असा नियम त्यातूनच आला. आणि तो सगळा दळायचा. काही लॅब पाणी घालून त्याची पातळ लापशी करतात, म्हणजे तो एक दुष्ट दाणा सगळीकडे सारखा मिसळतो. वीस किलो दळून फक्त पन्नास ग्रॅम तपासायचे, हे पाहून नवीन पोरं हसायची. एकदा दळायचा कंटाळा करून त्यांनी तपासलेले दोन भाग दहापट वेगळे आले, मग हसणं थांबलं.

आता लॅबच्या आतली गोष्ट. पद्धत ‘प्रमाण’ होते ती एका हुशार माणसाने शोधली म्हणून नाही, तर अनोळखी हातांत टिकली म्हणून. ठरावीक नमुने किमान आठ लॅबना पाठवतात, काही नमुने जोडीने, पण जोडी कोणती ते सांगत नाहीत. आकडे एकमेकांशी किती जुळतात ते पाहून पद्धत मान्य होते, नाहीतर परत जाते. अशा एका फेरीत आमचे आकडे सतत कमी येत होते. आठवडा गेला कारण शोधण्यात. पद्धतीच्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘मिथेनॉल-पाण्यात नीट घुसळा’. आम्ही एक मिनिट घुसळत होतो, बाकीचे तीन. पुढच्या मसुद्यात वेळही आली आणि वेगही. मला विचाराल तर ‘नीट’ हा शब्द पद्धतीच्या कागदावर बंदीच घालावा असा आहे.

तरीही आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षाही नसते. अमेरिकेच्या एफडीएमधल्या (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) विल्यम हॉर्विट्झ यांनी 1980 मध्ये अशा अनेक तुलना एकत्र करून दाखवलं की प्रमाण जितकं सूक्ष्म, तितका लॅबलॅबमधला फरक मोठा. त्यांच्या सूत्राने 10 पीपीबीला तो साधारण 32 टक्के बसतो. पुढे अगदी सूक्ष्म पातळीसाठी हा अंदाज सुधारून 22 टक्क्यांच्या आसपास आणला गेला. म्हणजे एकाच दळलेल्या पिठातून एक लॅब 8 आणि दुसरी 13 म्हणाली, तर मी कोणालाच जाब विचारणार नाही. 3 आणि 19 मात्र त्यात बसत नाही, म्हणून माझा संशय पोत्यावर.

दोन्ही लॅबना विचारा: किती किलो माल मिळाला, सगळा दळला का, आणि रिकव्हरी किती आली. (रिकव्हरी म्हणजे मुद्दाम घातलेल्या विषापैकी किती परत सापडलं. या पातळीला 70 ते 110 टक्के चालतं.) माल युरोपला जाणार असेल तर आधीच सावध व्हा. तिथे थेट खायच्या दाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिन 4 पीपीबी आणि बी1 (त्यातला सगळ्यांत विषारी प्रकार) एकटं 2, एवढीच सूट आहे.

आणि पुढच्या वेळी वीस किलो काढा, एकाच लॅबकडून सगळं दळून घ्या, आणि मग त्या पिठाचे तीन सीलबंद भाग करा: एक त्या लॅबसाठी, एक दुसरीसाठी, एक वाद झाला तर पंचासाठी. वाटणी दळल्यानंतर करायची, आधी नाही.