उभ्या गाडीला टेम्पोने ठोकलंय, इन्शुरन्स क्लेम करू की टेम्पोवाल्याकडून कॅश घेऊ?

म्हणजे तुमची सहा वर्षांची गाडी गेटबाहेर उभी होती, टेम्पोवाल्याने रिव्हर्स घेताना मागचा दरवाजा आणि बंपर चेपला, नंबर सीसीटीव्हीत आलाय, वर्कशॉपने 22 हजारांचं एस्टिमेट दिलंय आणि टेम्पोवाला म्हणतोय दहा घ्या आणि मिटवा. माझं मत विचाराल तर दहा घ्या. तुम्हाला पटणार नाही, मलाही तेव्हा पटलं नव्हतं.

आमच्याकडे सिंहगड रोडला उन्हाळ्यात रोज टँकर येतात, त्यातल्या एकाने सोसायटीत वळताना माझ्या गाडीचा पुढचा डावा कोपरा घेतला. टँकरचा मालक संध्याकाळी स्वतः आला, आठ हजार देतो म्हणाला. मी जाम तापलेलो होतो, त्याला म्हटलं आठ हजारांत काय बंपरचा क्लिप येतो का, राहू द्या तुमचे पैसे, माझा फुल इन्शुरन्स आहे. त्याने लगेच नमस्कार केला आणि गेला, म्हणजे इतका लगेच की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आपला समज असा असतो की चूक समोरच्याची आहे तर भुर्दंडही त्यालाच बसेल. इथे तसं नाहीये. तुम्ही तुमच्या पॉलिसीतून, म्हणजे ओन डॅमेजमधून (ओडी, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) पैसे घेतले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्य, मग गाडी तुम्ही ठोकलेली असो की ती बिचारी झाडाखाली उभी असो. बोनसचं नाव 'नो क्लेम' आहे, 'नो चूक' नाही, हे मला रिन्यूअलची नोटीस आल्यावर नीट समजलं.

आता हिशोब. बोनस 20, 25, 35, 45 आणि मग 50 टक्के असा दर वर्षी चढतो, फक्त ओडीच्या प्रीमियमवर. सहा वर्षांत क्लेम नसेल तर तुम्ही 50 वर असणार. क्लेम केलात की पुढच्या वर्षी 0, मग 20 पासून परत सगळी शिडी. पाच वर्षांत मिळून 50, 30, 25, 15 आणि 5 टक्के असं नुकसान, म्हणजे एका वर्षाच्या मूळ ओडी प्रीमियमच्या साधारण सव्वापट. तो समजा 6 हजार असेल तर साडेसात हजार गेले (गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियम उतरतो म्हणून थोडे कमी धरा). आणि बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, ही विकून नवी घेतलीत तर तो नव्या गाडीवर जातो आणि तिथे ओडी प्रीमियम बराच मोठा असतो. येत्या वर्षभरात गाडी बदलायचा विचार असेल तर बोनसला हातच लावू नका.

दुसरं म्हणजे 22 हजार काही मिळत नाहीत. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादाचं कव्हर) नसेल तर प्लास्टिक आणि रबराचे निम्मेच मिळतात, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर 40 टक्के घसारा कापतात. काचेला कापत नाहीत. पेंटच्या बिलात चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, मजुरी पूर्ण देतात. समजा तुमच्या 22 मध्ये बंपर 5 हजारांचा, दरवाजा 9 चा, पेंट 6 आणि मजुरी 2. तर कापले गेले अडीच हजार, छत्तीसशे आणि साडेसातशे. वर 1500 सीसीच्या आतल्या गाडीला एक हजार कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम. हातात येतात 14,150, त्यातून बोनसचे साडेसात गेले की उरले साडेसहा हजारांच्या आसपास. आणि समोर माणूस दहा घेऊन उभा आहे. झिरो डेप असेल किंवा एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम करूनही नो क्लेम बोनस टिकवणारं कव्हर) घेतलेलं असेल तर गणित फिरतं, म्हणून आधी पॉलिसी उघडून बघा.

पॉलिसी उघडाल तेव्हा आणखी एक बघा, ओडी चालू आहे ना. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी (टीपी, आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीची) तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते आणि ओडी बहुतेक वेळा एकाच वर्षाची असते, त्यामुळे कितीतरी लोक "इन्शुरन्स आहे की" म्हणत फिरतात आणि नुसतीच टीपी चालू असते. टीपीतून स्वतःच्या गाडीला एक रुपया मिळत नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाला हे गॅरेजमध्ये उभं असताना कळलं.

दहा हजारांत काम होईल का, तर वर्कशॉपमध्ये नाही होणार, ते दरवाजा बदलायलाच सांगतात. ओळखीच्या डेंटर-पेंटरला दाखवा, फोटोवर नाही, गाडी घेऊन जा. चेपलेला दरवाजा बऱ्याचदा ठोकून सरळ होतो. पैसे मात्र यूपीआयने घ्या आणि कागदावर दोन ओळी लिहून घ्या, अमुक तारखेला अमुक नंबरच्या टेम्पोने झालेल्या नुकसानीपोटी इतके रुपये मिळाले, खाली दोघांच्या सह्या. आणि मग त्याच डेंटवर क्लेम टाकू नका. दोन्हीकडून घ्यायला सांगणारे शहाणे भेटतील, ते सरळ फसवणुकीत मोडतं.

हे सगळं तो खरंच पैसे देतोय तोपर्यंत. "उद्या देतो साहेब" दोनदा झालं की थांबू नका, कंपनीला लगेच कळवा, कारण उशीर झाला की पहिला प्रश्न तोच येतो. फुटेज आजच मोबाईलमध्ये घेऊन ठेवा, आमच्या सोसायटीचा डीव्हीआर आठ दिवसांनी जुनं पुसतो आणि सेक्रेटरी तोपर्यंत गावाला गेलेले असतात. चौकीत जाऊन निदान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घ्या, माझ्या कंपनीने ती मागितली नाही पण टँकरवाला नंतर शब्द फिरवायला लागला असता तर तोच कागद होता.

क्लेम केलाच तर विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघेपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. आणि गॅरेजवाला म्हणेल की त्या बाजूचा जुना ओरखडापण यातच बसवतो, तर नाही म्हणा. माझ्याकडे आलेल्या सर्व्हेअरने नखाने खरवडून गंज बघितला, एका शब्दाने काही बोलला नाही, नुसती ती ओळ खोडली. फॉर्म भरताना एजंट सांगेल "खांबाला घासली लिहा, पटकन होतं", तसंही करू नका. गाडी उभी होती, आत कोणी नव्हतं, हेच लिहा. माझ्याकडे तरीसुद्धा लायसन्स मागितलं, दिलं, वाद घालत बसलो नाही.

टेम्पोच्या थर्ड पार्टीतून वसूल करता येतं का, तर कायद्याने येतं, पण त्याची कंपनी तुम्हाला फोनवर चेक देत नाही, मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, पुण्यात म्हणजे शिवाजीनगर कोर्टात, तोही अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. 22 हजारांसाठी मी तरी नसतो गेलो. दोन लाखांचं नुकसान आणि स्वतःची ओडी नाही अशी वेळ असेल तर मात्र नक्की जा.

स्वतःच्याच कंपनीने क्लेम अडवला तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाला लेखी द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, पुण्यातही ऑफिस आहे.

आणि टेम्पोवाल्याला हो म्हणायच्या आधी एम-परिवहन ॲपवर त्याचा नंबर टाकून इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते बघून घ्या. संपलेला असेल तर विनाविमा गाडी चालवण्याचा दंड पहिल्यांदा 2 हजार रुपये आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. तेव्हा दहाला लगेच मान डोलावू नका, तेरापासून बोलायला सुरुवात करा.