गॅस बंद ‘करायचं’ की ‘केल्याचं’?

प्रश्न असा आला आहे: नववीतल्या मुलीने ‘मला दार लावल्याचं आठवतंय’ याचं इंग्रजी ‘आय रिमेंबर टू लॉक द डोअर’ असं केलं आणि ते चूक ठरलं. ‘रिमेंबर’पुढे ‘टू’ही चालतं आणि ‘-इंग’ही, मग चूक कुठे झाली?

वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थ पार बदलतो. ‘टू लॉक’ म्हणजे दार लावायचं माझ्या लक्षात असतं, मी ते विसरत नाही. ‘लॉकिंग’ म्हणजे लावल्याचं आठवतंय. याचा उलगडा मराठीतच आहे, आणि मुलांना तो कुणी दाखवत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आई निघताना बजावते, ‘गॅस बंद करायचं लक्षात ठेव.’ गाडीत बसल्यावर पोटात गोळा येतो, मग आपणच मनाला समजावतो, ‘नाही नाही, बंद केल्याचं आठवतंय मला.’ करायचं आणि केल्याचं. पहिलं काम अजून व्हायचंय, दुसरं होऊन गेलंय. इंग्रजीचा ‘टू’ मुळात दिशा दाखवणारा शब्द, म्हणून तो पुढच्या कामाकडे बोट दाखवतो. तेव्हा ‘-आयचं’ असेल तिथे ‘टू’ आणि ‘-ल्याचं’ असेल तिथे ‘-इंग’, एवढं धरून चाला. ‘मला आजी जात्यावर दळताना आठवते’ यातलं ‘-ताना’सुद्धा ‘-इंग’कडेच जातं.

‘कबूल करणे’ घेऊन बघा. ‘त्याने यायचं कबूल केलं’ इथे इंग्रजीत ‘अग्रीड टू कम’. ‘त्याने पैसे घेतल्याचं कबूल केलं’ इथे ‘ॲडमिटेड टेकिंग’. इंग्रजीला दोन क्रियापदं लागली, आपलं काम एका प्रत्ययाने भागलं! ‘रिग्रेट’चंही तसंच: ‘कळवण्यास खेद होतो’ याला ‘टू इन्फॉर्म’, ‘सांगितल्याचा पश्चात्ताप होतो’ याला ‘टेलिंग’. ‘चहा प्यायला थांबलो’ हे ‘स्टॉप्ड टू ड्रिंक’, कारण थांबण्याचा हेतू चहा.

पण ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. ‘चहा प्यायचं सोडलं’, ‘जायचं टाळलं’ यांत ‘-आयचं’ असूनही इंग्रजीत ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग’ आणि ‘अव्हॉइडेड गोइंग’च होतं. सोडणं, टाळणं, थांबवणं ही मंडळी वेगळी पाठ करावीत. ‘फरगेट’पुढचं ‘-इंग’ही बहुतेक ‘कधीच विसरणार नाही’ अशा वाक्यातच येतं: ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी’. एरवी ‘विसरलो’ म्हटलं की ‘टू’.

मराठी वळणामुळे आणखी तीन घोटाळे होतात. ‘आठवतंय’मुळे ‘आय ॲम रिमेंबरिंग’ म्हटलं जातं. तिथे साधं ‘आय रिमेंबर’ हवं. ‘मला आठवण कर’ म्हणजे ‘रिमाइंड मी’. ‘रिमेंबर मी’ म्हणजे मला विसरू नकोस. आणि ‘तुझी आठवण येते’ हे ‘आय मिस यू’. आपल्याकडे आठवण आपणहून येते, तिथे माणसाची उणीव जाणवते.

वाक्प्रचारांपैकी एकच सांगतो, कारण तो मला विशेष आवडतो. पाठ करण्याला इंग्रजीत ‘लर्न बाय हार्ट’ म्हणतात. ‘रेकॉर्ड’ या शब्दातही हृदयाचा लॅटिन शब्द ‘कोर’ दडला आहे. ज्या क्रियापदातून तो आला त्याचा अर्थच आठवणे. आपल्याकडे मात्र कविता मुखोद्गत होते, कंठस्थ होते, तोंडपाठ होते. म्हणजे त्यांचं पाठांतर काळजात आणि आपलं गळ्यात. पण नेमका शब्द आठवेना झाला की त्यांच्याही तो ‘जिभेच्या टोकावर’ असतो आणि आपल्याही ओठांवरच घुटमळतो.