केरसुणी काढतेस, तर पणती पुसून टाक

पेन्सिलचित्रासाठी केरसुणी हा विषय झकास निवडलास. पण चित्रात केरसुणीशेजारी पणती, हळद-कुंकू आणि वर नाणी कशाला? केरसुणी म्हणजे लक्ष्मी, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लक्ष्मीपूजनाला तिचीही पूजा होतेच की. प्रतीक असं ओरडून सांगितलं की चित्राचं कॅलेंडर होतं.

अर्थ झिजेतून येऊ दे. त्यासाठी नाशिकच्या रविवार कारंजावरून आणलेली नवी कोरी केरसुणी कामाची नाही, घरातली जुनी घे. तिचं टोक सरळ नसतं, एका बाजूने तिरपं झिजलेलं असतं. झाडणारीची सवय, तिचा कल, सगळं त्या कडेत उतरतं. माणूस न काढता माणूस चित्रात येतो. डच चित्रकार व्हॅन गॉगने 1886 साली जुने बूट रंगवले, त्यात तरी मालक कुठे दिसतो?

पेन्सिलीचं म्हणशील तर शिंदीची एकेक पात ओढत बसू नकोस, चित्र केसाळ होतं. एचबीने हलका बाह्याकार घे, मग 4बीने, म्हणजे त्याहून मऊ आणि गडद पेन्सिलीने, पातींमधला अंधार भर. उजेडातली पात म्हणजे नुसता कोरा कागद. मुठीपाशी मात्र वेळ दे: दोरीचे वेढे, त्यांच्याखालची बारीक सावली, हाताळून काळपट-गुळगुळीत झालेला भाग. तिथे आणखी गडद 6बी चालेल, फक्त बोटाने घासू नकोस (हा रोग सगळ्या नवशिक्यांना असतो).

आणि ती मधोमध उभी नको. दाराआड, कोपऱ्यात आडवी, घरात असते तशीच काढ.