मूल कोणत्या भाषेत अडखळते?

पुण्यातील शाळांमध्ये काम करणारे वाचोपचारतज्ज्ञ, शिक्षक आणि पालक यांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : वाघोली परिसरातील एका मराठी शाळेत मी वाचोपचारासाठी जाते. पहिलीतील एक मुलगा वर्गात जवळजवळ बोलत नाही आणि बोललाच तर ‘आई आलं’, ‘ताई गेलं’ असे बोलतो. मराठी भाषाचाचणीत त्याला वयाच्या मानाने फार कमी गुण मिळाले. घरी वडारी बोलतात. मुख्याध्यापिका दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढायला सांगत आहेत. काय करावे?

उत्तर : प्रमाणपत्राचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे हे खरे, परंतु त्याची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांमुळे आलेल्या कायमस्वरूपी अक्षमतेची आहे. शाळेत येईपर्यंत ज्याच्या कानावर मराठी फारशी पडलीच नाही, असे मूल केवळ तेवढ्यावरून तिच्यात बसत नाही.

सर्वांत आधी श्रवणचाचणी करून घ्या. कान वाहणे किंवा कानात पाणी साठणे या साध्या कारणानेही मूल वर्गात गप्प राहू शकते, आणि भाषेच्या चर्चेत ही गोष्ट हमखास राहून जाते.

आता ‘आई आलं’ याकडे पाहू. वडारी ही तेलुगूच्या कुळातील बोली. तेलुगूमध्ये ‘ती आली’ आणि ‘ते आलं’ या दोन्हींसाठी क्रियापदाचे एकच रूप वापरतात. म्हणजे हा मुलगा व्याकरणात गोंधळलेला नसून घरचे व्याकरण नेमाने पाळत असण्याची शक्यता अधिक आहे. नव्या भाषेच्या वर्गात आलेले मूल काही आठवडे, क्वचित काही महिने, केवळ ऐकत राहते, हेही सर्वपरिचित आहे. त्यामुळे खरा प्रश्न एकच उरतो : घरी, वडारीत, तो कसा बोलतो? भाषाविकार असेल तर तो मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. एकाच भाषेत दिसणारी अडचण ही बहुधा त्या भाषेच्या अपुऱ्या सरावाची असते.

वडारी येत नसली तरी तुम्ही बरेच काही करू शकता. आईला विचारा, की याची भावंडे याच वयात जशी बोलत होती तसाच हा बोलतो का, त्याचे बोलणे आजीला आणि शेजारच्या मुलांना कळते का, दिवसभरात घडलेले तो सलग सांगतो का. घरी गप्पा मारताना त्याचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायला सांगा. त्यानंतर शिकवून पाहा. गाळणी, चिमटा, झारा अशा तीन वस्तू घेऊन त्यांची नावे आधी विचारा, मग पंधरा मिनिटे त्यांच्याशी खेळत नावे शिकवा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा. आज त्याला किती येते यापेक्षा शिकवल्यावर तो किती उचलतो, हे येथे महत्त्वाचे. दोन्ही भाषांत असलेले ध्वनी घेऊन ‘मोडिका’, ‘टपलूनी’ यांसारखे निरर्थक शब्दही म्हणायला लावा. भाषाविकार असलेली मुले अक्षरे वाढत गेली की बहुधा अडखळतात, मग घरची भाषा कोणतीही असो. मात्र एवढ्यावरच निदान करू नये.

चाचणीचे निकष कोणत्या मुलांवरून ठरवले, हे तिच्या पुस्तिकेत पाहा. ती मुले मराठीभाषक घरांतील असतील, तर या मुलाच्या अहवालात गुणांक न लिहिता त्याने काय केले याचे वर्णन लिहावे. अमेरिकेत विशेष शिक्षणासाठीचे मूल्यमापन शक्य तेथे मुलाच्या स्वतःच्या भाषेत करावे, असे कायदाच सांगतो. आपल्याकडे तो विवेक तज्ज्ञालाच दाखवावा लागतो. चित्रांचेही तेच. आपल्या चित्रसंचांतील बर्फाचा माणूस पुण्याच्या उन्हात अजून कसा वितळला नाही, हे एक कोडेच आहे; पण त्याच्या जागी पाटा-वरवंटा ठेवला की काम झाले असेही नाही, कारण बाणेरच्या फ्लॅटमधील मुलाने तोही पाहिलेला नसतो. त्या मुलाच्या घरात काय आहे हे विचारूनच चित्रे निवडावीत.

प्रश्न : माझ्या वर्गातील खानदेशातून आलेली एक मुलगी ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते. तिला स्पीच थेरपीसाठी पाठवू का?

उत्तर : नाही. ‘ळ’च्या जागी ‘य’ खानदेशात आणि वऱ्हाडात सर्रास ऐकू येतो आणि ‘पानी’ तर महाराष्ट्राच्या कितीतरी भागांत म्हणतात. तिचे आईवडीलही तसेच बोलत असतील, तर तो दोष नव्हे. प्रमाण उच्चार तिला वाचनाच्या तासाला शिकवा, पण चारचौघांत तिचे बोलणे दुरुस्त करू नका. याउलट वयाच्या चार वर्षांनंतरही एखादे मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणत असेल, तर त्याला जरूर पाठवा. तसे मोठी माणसे मराठीच्या कोणत्याच बोलीत बोलत नाहीत.

प्रश्न : आम्ही हिंजवडीला राहतो. मी मराठी, यजमान तमिळ. साडेतीन वर्षांचा मुलगा ‘अम्मा, तण्णी (पाणी) दे’ अशी सरमिसळ करतो आणि समवयस्कांपेक्षा कमी बोलतो. शाळा इंग्रजी असल्याने घरीही फक्त इंग्रजीच बोला, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. तो पाळावा का?

उत्तर : पाळू नये. दोन भाषा ऐकल्याने बोलणे उशिरा येते, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही, आणि सरमिसळ तर द्विभाषिक घरांत मोठी माणसेही करतात. ‘तण्णी दे’मध्ये तमिळ नाम आणि मराठी क्रियापद यांची जोडणी अगदी बिनचूक आहे. घरची भाषा सोडल्याने इंग्रजी सुधारेल याची खात्री नाही, मात्र चेन्नईच्या आजीशी त्याचे बोलणे थांबेल हे जवळजवळ निश्चित. शिवाय आपल्याला सहज न येणाऱ्या भाषेत पालक मुलाशी कमी आणि तुटक बोलतात, आणि या मुलाला तर भरपूर बोलणे ऐकायला हवे आहे.

तरीही ‘कमी बोलतो’ हे सोडून देऊ नका. त्याचे मराठी, तमिळ आणि इंग्रजी शब्द एकत्र मोजा, कारण एकाच भाषेतील शब्द मोजले तर तो उगाच मागे दिसेल. या वयात तीन-चार शब्दांची वाक्ये कोणत्याही भाषेत येत नसतील, किंवा सांगितलेले कळत नसेल, तर श्रवणचाचणी आणि वाचामूल्यमापन लगेच करून घ्या. उपचार लागलेच, तर तेही घरच्या भाषा चालू ठेवून होतात.

प्रश्न : पालकांची भाषा येत नसेल, तर विद्यार्थ्याच्या मोठ्या बहिणीला दुभाषी म्हणून बसवले तर चालेल का?

उत्तर : निरोप सांगण्यापुरते चालेल, मूल्यमापनासाठी नाही. ती भावाचे चुकलेले वाक्य नकळत सुधारून सांगेल, आणि आईने गरोदरपणाविषयी सांगितलेले तिच्या कानावर पडणे योग्यही नाही. शाळेतील मावशी किंवा वस्तीतील अंगणवाडी सेविका यांपैकी ती भाषा जाणणारे कोणी असेल, तर पालकांच्या संमतीने त्यांना बोलवावे. मूल जसे बोलले तसेच, चुकांसह सांगायचे, उत्तर सुचवायचे नाही आणि येथले बोलणे बाहेर न्यायचे नाही, या गोष्टी आधी समजावून द्याव्यात.

प्रश्न : आजी रोज मुलाच्या जिभेला वेखंड उगाळून लावतात. त्यांना कसे थांबवावे?

उत्तर : आजींना उपचारातून बाजूला सारू नये, कारण घरी मुलाशी सर्वांत जास्त बोलणारे माणूस बहुधा त्याच असतात. वेखंडाने वाचा सुधारते याला पुरावा नाही आणि त्यातील बीटा-असारोन हे द्रव्य अपायकारक मानले जाते, म्हणून रोज चाटवणे बंद करायला हवे. ते बालरोगतज्ज्ञांनी सांगितले तर बरे. तुम्ही मात्र त्याच वेळी आजींना दुसरे काम द्या : रोज संध्याकाळी, त्यांच्या स्वतःच्या बोलीत, एक गोष्ट सांगायची आणि मध्येच थांबून पुढचा शब्द नातवाला भरू द्यायचा.