खात्यातले साडेतीन लाख कोणाचे?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, राहणार धायरी, पुणे. लग्नाचे फोटो काढतो, वर्षाला अकरा लाख कमावतो. यंदा बारा लग्नं बुक आहेत, पॅकेज सरासरी ७५ हजार. निम्मे पैसे ॲडव्हान्स, तीस टक्के लग्नाच्या दिवशी, वीस टक्के अल्बम दिल्यावर. माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे. स्टेजवरच्या रंगीत दिव्यांमुळे चेहरे जांभळे येतात, संध्याकाळच्या फोटोंत दाणे दिसतात. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आणि लेन्स मिळून ३ लाख २० हजारांना पडतं. बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय आहे, दुकानदार म्हणतो जीएसटी परत मिळेल. कॅमेरा घेतला तर पॅकेज सव्वा लाखाचं करता येईल. की आधी लाइट घेऊ? खात्यात साडेतीन लाख आहेत. आणखी एक लाख पडून होते, ते बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅनमध्ये घातले : दहा वर्षं लाख-लाख भरायचे, विसाव्या वर्षी २२ लाख. पॉलिसी तीन आठवड्यांपूर्वी मेलवर आली. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. घरखर्च महिना ३५ हजार.

उत्तर : कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी तो मेल उघडा आणि पॉलिसी नेमकी कोणत्या तारखेला आली ते बघा. हातात आल्यापासून ३० दिवसांत आयुर्विमा पॉलिसी परत करता येते. थोडं मुद्रांक शुल्क, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे मिळतात. तुमच्याकडे जेमतेम आठवडा आहे. अर्ज विमा कंपनीला मेल करा, एक प्रत कंपनीच्या शाखेत देऊन शिक्का घ्या. बँकेतल्या मॅडमना फोन करून ‘बघते हं’ ऐकत बसू नका. त्यांचं ‘बघते’ एकतिसाव्या दिवसापर्यंत चालतं. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे लिहा, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर. त्यावरही नाहीच झालं तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे.

एवढी घाई कशासाठी, तर आकडे बघा. दहा लाख भरून विसाव्या वर्षी २२ लाख म्हणजे वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. ‘दुपटीहून जास्त’ हे ऐकायला छान वाटतं, वीस वर्षं मोजली की हवा जाते. तेच हप्ते पीपीएफमध्ये, सध्याचा ७.१ टक्के दर टिकला असं धरून, साडेएकोणतीस लाखांच्या घरात जातात. आणि तुम्हाला काही झालं तर अशा प्लॅनमधून घरच्यांना मिळतात साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे दहा लाख. तुमच्याच घरखर्चाने ते अडीच वर्षांच्या आत संपतात. मुलगी तेव्हा जेमतेम साडेचार वर्षांची असेल. एक कोटीचा साधा मुदत विमा (टर्म प्लॅन) तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला बारा-पंधरा हजारांत बसतो.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. ‘पडून होते’ असं ज्या लाखाबद्दल लिहिलंत, ते आले कुठून? बारा लग्नांचे नऊ लाख, त्यांचा निम्मा ॲडव्हान्स साडेचार. खात्यात साडेतीन, पॉलिसीत एक. बेरीज साडेचार. म्हणजे तुमचा स्वतःचा त्यात एक रुपया नाही. ज्यांची लग्नं अजून लागायची आहेत त्या बारा घरांचे पैसे आहेत ते, आणि त्यातले एक लाख तुम्ही वीस वर्षांसाठी अडकवून बसलात.

एका लग्नामागे दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओवाला, एडिटिंग, अल्बमची छपाई, गाडी-जेवण असे मिळून चाळीस हजार सहज जातात. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला, पण एकदा कागदावर लिहा. ॲडव्हान्स साडेसदतीस हजार. तो पुरा माणसांच्या मजुरीत आणि अल्बममध्ये जातो, वर अडीच हजार तुम्हीच घालता. तुमची कमाई असते ती उरलेल्या निम्म्यात, लग्नामागे ३५ हजार. बारा लग्नांचे सव्वाचार लाख, बारशी-वाढदिवसांचे पावणेदोन-दोन धरले तर सहा. अकरा लाख ही उलाढाल झाली, कमाई सहा. घरखर्च सव्वाचार लाख. शिल्लक वर्षाला पावणेदोन, आणि तुम्ही कबूल करायला निघालात कॅमेऱ्याचे ३ लाख २० हजार अधिक पॉलिसीचा लाख. तूट दोन लाखांच्या वर, आणि ती भरायची पुढच्या वर्षीच्या ॲडव्हान्समधून. एखाद्या घरात सुतक आलं आणि लग्न पुढे गेलं तर काय होतं, ते २०२० च्या टाळेबंदीत या धंद्यातल्या अनेकांनी अनुभवलंय.

यावर उपाय म्हणजे दुसरं बचत खातं. ॲडव्हान्स तिथेच जमा, त्यातून फक्त त्याच लग्नाचा खर्च. पॉलिसीचे परत आलेले पैसेही तिथेच जातील, ते काही तुमचे झालेले नाहीत. आणि अल्बमवरचे वीस टक्के दहावर आणा, लग्नाच्या दिवशी तिसाचे चाळीस घ्या. नवरा-नवरी फोटो निवडायला सहा-सहा महिने लावतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नऊ लाखांचे वीस टक्के म्हणजे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे तुमची वर्षाची शिल्लक जवळजवळ सगळीच.

आता कॅमेरा. दाण्यांचं गणित दहावीच्या विज्ञानाचं आहे. क्रॉपवरून फुलफ्रेमवर गेलात की ढोबळमानाने एक स्टॉप मिळतो, म्हणजे दुप्पट प्रकाश. तुमची किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर थांबते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). तिच्या जागी ५० मिमी एफ १.८ लावली तर प्रकाश जवळपास दहापट, आणि ती लेन्स दहा-पंधरा हजारांत येते. अंतरपाटाच्या वेळचे चेहरे, मुलीच्या आईचे डोळे, हे सगळं तिच्यात निघेल. वीस नातेवाइकांचा ग्रुप एफ १.८ वर काढू नका, मागची रांग धूसर होईल. तिथे फ्लॅश लागतो.

जांभळ्या चेहऱ्यांना तर कुठलाच सेन्सर औषध नाही. दिवा जांभळा असेल तर महाग कॅमेराही जांभळाच चेहरा काढेल, फक्त स्वच्छ जांभळा. फ्लॅश स्टँडवर, छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून, आणि शटर १/६० सेकंदावरून १/२०० वर : स्टेजच्या दिव्यांचा प्रकाश तिसऱ्या हिश्श्याहून कमी उरतो, फ्लॅशचा तेवढाच राहतो. स्टँड जवळ ठेवा. दोन मीटरवरून चारवर नेला की उजेड चौथा हिस्सा. पायाला वाळूची पिशवी बांधा, लॉनवर वारा आणि पोरं दोन्ही असतात. म्हात्रे पुलापलीकडच्या डीपी रस्त्यावरच्या लॉनवर आभाळाकडे फ्लॅश बाउन्स करणारे मी पाहिलेत. वर छतच नाही, तर उजेड परतणार कुठून? आणि फुकटचा उपाय : डेकोरेटरला आदल्या दिवशी गाठून मंगलाष्टकं संपेपर्यंत स्टेज वॉर्म व्हाइटवर ठेवायला सांगा. नंतर हवा तेवढा जांभळा करू दे.

दोन फ्लॅश, कॅमेऱ्यावरून ते उडवणारा ट्रिगर, स्टँड, छत्र्या आणि ती लेन्स मिळून पन्नास-पंचावन्न हजार. एक फ्लॅश आणि लेन्स पहिल्या दोन लग्नांच्या कमाईतून घ्या, दुसरा फ्लॅश जानेवारीत. एखाद्या मोठ्या लग्नाला फुलफ्रेम हवाच असेल तर तेवढे दोन दिवस भाड्याने आणा आणि भाडं त्या लग्नाच्या खर्चात धरा.

दुकानदाराचं दोन वाक्यांत. जीएसटी परत मिळतो नोंदणी असलेल्याला. सेवा व्यवसायात नोंदणीची मर्यादा वीस लाख, तुमची उलाढाल अकरा, त्यामुळे त्या किमतीतले ४९ हजार परत येणार नाहीत. मुद्दाम नोंदणी केलीत तर ७५ हजारांवर १८ टक्के वधूपित्याकडे मागावे लागतील, ते मागून दाखवा. नो कॉस्टचंही तेच : शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. रोखीची किंमत विचारा, व्याज कुठे लपलंय ते कळेल. आणि महिना पावणेसत्तावीस हजारांचा हप्ता चातुर्मास पाळत नाही. आषाढी ते कार्तिकी तुमच्याकडे लग्न नसेल, हप्ता असेल.

सव्वा लाखाच्या पॅकेजबद्दल : गिऱ्हाईक कॅमेऱ्याचं मॉडेल विचारत नाही, मागच्या लग्नाचा अल्बम बघतं. यंदाच्या अल्बममधले चेहरे गोरे-सावळे जसे आहेत तसे आले, तर पुढच्या वर्षी नव्वद मागून बघा. जे मिळतील ते धरून कॅमेऱ्याचा हिशोब तेव्हा करू.

आहे त्या साहित्याचा विमा मात्र हंगामाआधी काढा. घराच्या पॉलिसीत धंद्याचा कॅमेरा बहुधा धरत नाहीत, वेगळी पॉलिसी लागते. घेताना एक कलम नीट वाचा : कुलूपबंद पण माणूस नसलेल्या गाडीतून बॅग चोरीला गेली तर दावा मान्य होतो का. नसेल, तर जेवायला बसताना बॅग पायाशी ठेवा.